पाटकऱ्याची वही

पाचव्या दिवशी सकाळी पोरीचा ताप उतरला आणि आबांनी पिशवी भरायला घेतली. स्टीलचा पेला, चादर, उरलेली चार मोसंबी, मोबाईलचा चार्जर. पोरीचे आईबाप चाकणला कंपनीत कामाला. ते संध्याकाळपर्यंत पोचणार होते आणि ते येतील तेव्हा पोर घरच्या ओट्यावर बसलेली दिसावी, असा आबांचा बेत होता.

डॉक्टरीणबाई राउंडला आल्या. त्यांनी पिशवीकडे बघितलं.

"आबा, आज नाही. आजचा दिवस आणि उद्याचाही."

"ताप गेला की मॅडम. रात्रीपासनं अंग गार हाय."

"म्हणून तर म्हणते."

आबा गोंधळले. दवाखाना सरकारी, त्यामुळे बिल वाढवायला ठेवून घेतात म्हणावं तर तीही सोय नव्हती.

सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचं हे तालुक्याचं गाव. नळाला चौथ्या दिवशी पाणी, म्हणून दारोदार बॅरल, सिमेंटच्या टाक्या, रांजण. डेंग्यूच्या डासाला नेमकं असंच साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं, आणि तो चावतो दिवसा. आशाताई दर आठवड्याला कोरडा दिवस पाळा म्हणून सांगून जातात, पण चार दिवसांनी आलेलं पाणी ओतून द्यायला बायाबापड्यांचा हात धजत नाही, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा? पावसाळा सरता सरता वॉर्डातल्या तीस खाटांवर आणि खाटांमधल्या गाद्यांवर मिळून चव्वेचाळीस पेशंट झाले होते.

वॉर्डात एकच भाषा चालायची, प्लेटलेटची. "तुमच्या किती?" "काल बेचाळीस होत्या, आज अडतीस." हजार म्हणायची गरज नव्हती. ज्याचा आकडा सगळ्यात खाली, त्याच्याभोवती गर्दी सगळ्यात जास्त. पोरीच्या शेजारच्या खाटेवर एका गुत्तेदाराचा बावीस वर्षांचा मुलगा होता. त्याचा आकडा एकोणीस हजारांवर आल्याची बातमी फुटली आणि दुपारच्या आत अर्धी पेठ भेटून गेली. कुणी किवी आणली, कुणी ड्रॅगन फ्रूट, कुणी पपईच्या पानांचा हिरवा रस बाटलीत भरून आणला. शेळीच्या दुधासाठी एक माणूस धनगरवाड्यावर धाडला होता. गुत्तेदारांना सगळे अण्णा म्हणत. ते व्हरांड्यात उभे राहून मोबाईलवर सोलापूरच्या रक्तपेढीशी बोलत होते.

पोरीच्या प्लेटलेट अठ्ठ्याऐंशी हजार. वॉर्डाच्या मानाने ती श्रीमंत.

"अठ्ठ्याऐंशी? आणि ताप नाही? मग आबा, खाट कशाला अडवलीय?" पलीकडच्या मावशी म्हणाल्या. त्यांच्या नवऱ्याची गादी जमिनीवर होती, तेव्हा बोलण्यात थोडा स्वार्थही होता.

डॉक्टरीणबाई खाटेच्या कडेला टेकल्या. कधी नव्हे ते त्यांना पाच मिनिटं होती. पोरीला असा ताप आधी कधी आला होता का, हा त्यांचा पहिला प्रश्न.

"दोन वर्सांमागं, दिवाळीच्या टायमाला. तवा बी डेंगूच म्हणाले हुते. चार दिसांत बरी झाली."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि खाली रेघ मारली. आबांना त्या रेघेचा अर्थ कळला नाही. अर्थ असा की डेंग्यूच्या विषाणूच्या चार जाती आहेत. एक होऊन गेली की तिच्यापुरतं संरक्षण मिळतं, पण पुढे वेगळ्या जातीने गाठलं तर पहिल्या वेळच्या प्रतिपिंडांना नवा शत्रू मारता येत नाही, उलट त्याला पेशीत शिरायला त्यांची मदतच होते. क्यूबात हे फार मोठ्या प्रमाणावर दिसलं. १९७७ साली तिथे पहिल्या जातीची साथ आली आणि फारशी हानी न करता गेली. १९८१ साली दुसऱ्या जातीची आली तेव्हा १५८ माणसं दगावली, आणि गंभीर झालेल्यांत बहुतेक जण आधीच्या साथीत सापडलेले होते. त्यामुळे 'मागच्या वेळी चार दिवसांत बरी झाली' हे वाक्य ऐकून आजोबांना धीर येतो आणि डॉक्टरला घोर लागतो.

"आबा, तुम्ही पाटकरी होता ना?"

"चौतीस वर्सं. कालवा पायाखाली घातलाय."

"मग तुम्हाला सांगायला सोपं. या तापात रक्तवाहिन्यांना पाझर लागतो. सगळ्यांना नाही, थोड्यांनाच. पण लागतो तो ताप उतरायच्या सुमाराला, आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तास चालतो. रक्तातलं पाणी भिंतीतून झिरपून पोटात, छातीत जातं. पेशी मात्र आतच राहतात. मग आत उरलेल्या रक्ताचं काय होईल?"

"गाळ वाढंल. दाट हुईल."

"बरोबर. तो गाळ मोजतात त्याला पीसीव्ही म्हणतात. हिचा आली तेव्हा छत्तीस होता, आज सकाळी अडतीस. तो चढायला लागला, की समजायचं भराव गळतोय."

आबांनी मान हलवली. भराव फुटताना एकदम फुटतो, पण फुटायच्या आधी रात्रभर गळत असतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पायथ्याला ओल दिसते. झिरपणारं पाणी नितळ असेल तोवर माणसाला वेळ असतो. ते गढूळ झालं की भराव आतून पोखरायला लागला. आणि वरून बघावं तर रस्ता कोरडा ठणठणीत, त्यावरून लोक सायकली हाणत चाललेले असतात.

"पोराबाळांचं असंच असतं," बाई म्हणाल्या. "रक्त कमी पडायला लागलं की शरीर हातापायांच्या नळ्या आवळून घेतं आणि काळजाला, मेंदूला पुरवतं. त्यामुळे पोर बोलत असतं, ओळखत असतं, वरचं बीपीही बराच वेळ टिकतं. फक्त हातपाय गार पडतात आणि बीपीचे वरचे-खालचे आकडे जवळ जवळ यायला लागतात. दोघांत वीसच्या आत अंतर आलं, तर ते शॉकचं लक्षण. त्यानंतर कोसळायला वेळ लागत नाही."

एवढ्यात शिकाऊ डॉक्टर मोबाईल घेऊन आला. हुशार मुलगा. त्याने पोरीचं वय, आजाराचा दिवस, प्लेटलेट, लिव्हरचे आकडे एका कॅल्क्युलेटरमध्ये भरले होते. "मॅडम, लो रिस्क दाखवतंय."

"आकडे कितीचे?"

"सकाळी सहाचे."

"मग ते सकाळी सहाचं भाकीत आहे. आता अकरा वाजलेत."

बाईंना त्या गणिताचा राग नव्हता. व्हिएतनाममध्ये २,३०१ मुलांच्या रोजच्या प्लेटलेटवरून कोण शॉकमध्ये जाईल याचा अंदाज बांधायचा अभ्यास झाला होता. पहिल्या दिवशीच्या एका आकड्यापेक्षा रोज नव्याने पाहिलेले आकडे जास्त सांगतात, असं त्यातून निघालं. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली धोक्याच्या खुणांची यादी दिली, तीही याच चालीची. पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, गळून जाणं किंवा तळमळणं, यकृत वाढणं, छातीत-पोटात पाणी, आणि पीसीव्ही वर जाताना प्लेटलेट झपाट्याने खाली येणं. यातली एकही खूण दाखल होतानाच्या कागदावर कायमची लिहून ठेवता येत नाही. ती दुपारी नसते आणि चारला असते.

जाताना बाईंनी खिशातली एक छोटी वही आबांना दिली. औषध कंपनीवाले वाटतात तसली. "काय प्यायली, लघवी कधी झाली, हात ऊन की गार, पोटात दुखतंय का, उलटी. दर दोन तासांनी लिहा. आणि काहीही वेगळं वाटलं तर मला राउंडची वाट बघायची नाही, हाक मारायची."

आबांनी पिशवीतून पेला परत काढला.

खाटेच्या पायाशी वॉर्डाचा तक्ता लटकत होता. आबांना असे तक्ते वाचायची सवय. पहाटे दोन, ११०/७०. सहा, ११०/७०. दहा, ११०/७०. ते बराच वेळ तक्त्याकडे बघत राहिले.

त्यांच्या नोकरीतल्या एका पावसाळ्यात पलीकडच्या हद्दीतल्या पाटकऱ्याने रात्रभर गेजचा एकच आकडा लिहिला होता, तीन फूट दोन इंच. संध्याकाळी तेवढा होता, आणि पावसात तीन किलोमीटर चालत जायचा त्याला कंटाळा आला. वही अगदी स्वच्छ, एक खाडाखोड नाही. पहाटे भराव गेला, चाळीस एकर ऊस आडवा झाला. चौकशीला आलेल्या साहेबाने आबांची वही मागवली होती. तीत आकडे खालीवर होते, एके ठिकाणी चिखलाचा अंगठा होता. साहेब म्हणाला, ही वही खरी.

इथे ब्रदरला नावं ठेवणं सोपं आहे. चव्वेचाळीस पेशंटांना रात्री एक सिस्टर आणि एक ब्रदर, बीपीची दोन यंत्रं, त्यातल्या एकाचा पट्टा फाटलेला. मी त्या जागी असतो तर मीही कदाचित बसल्या जागी रकाने भरले असते. पण रकाना भरलेला दिसला, की पुढचा माणूस निवांत होतो. रिकामा रकाना निदान टोचतो तरी.

आबांची वही अशी झाली:

'सकाळी ११. मीठसाखर पाणी एक पेला. लघवी झाली. हात ऊन.

दुपारी १. पेज दोन घास. उलटी एकदा. हात ऊन. लघवी न्हाई.

३. पाणी पेऊन परत उलटी. पोट दुखतंय म्हणली. लघवी न्हाई. हात कोमट.'

दरम्यान शेजारच्या खाटेवर रण माजलं होतं. मुलाचा आकडा चौदा हजारांवर आला होता आणि बाई प्लेटलेटची पिशवी लावायला तयार नव्हत्या. मुलगा स्वतः मांडी घालून पोहे खात मोबाईलवर क्रिकेट बघत होता, तासाभरापूर्वी चालत बाथरूमला जाऊन आला होता, कुठून रक्ताचा थेंब नव्हता. पण आकडा चौदा होता.

"माझ्या पोराला काही झालं तर..." अण्णांचा आवाज चढला.

"अण्णा, सिंगापूर आणि मलेशियात ३७२ पेशंटवर हे करून पाहिलंय. सगळ्यांच्या प्लेटलेट वीस हजार किंवा त्याच्या खाली. निम्म्यांना पिशव्या दिल्या, निम्म्यांना नाही. रक्तस्राव काही थांबला नाही, उलट पिशव्यांचा त्रास मात्र झाला. २०१७ साली छापून आलंय. रक्त यायला लागलं तर मी एक मिनिट थांबणार नाही. आत्ता तो पोहे खातोय."

"मग पिशव्या आणायला गाडी गेलीय तिचं काय?"

"येऊ द्या. कुणाला तरी लागतीलच."

आपल्याकडे डेंग्यू म्हणजे प्लेटलेट हे समीकरण इतकं घट्ट बसलंय की पेशंटकडे बघायला फुरसत उरत नाही. प्लेटलेट तळाला जातात आणि बहुतेक वेळा आपोआप वर येतात. पपईच्या पानाला श्रेय मिळतं ते त्यामुळेच. रस पाजायला सुरुवात होते तेव्हा आकडा तसाही वळायच्या बेतात असतो. पाझराला मात्र असा गवगवा मिळत नाही. तो मुक्याने होतो.

साडेचारला आबांनी पोरीचा हात हातात घेतला आणि त्यांच्या पोटात खड्डा पडला. हात गार होता. नुसता गार नाही, ओलसर गार. पोर एका कुशीवर टिकत नव्हती, सारखी वळत होती. "आबा, पोटात लई दुकतंय. पडू दे मला." सकाळी अकरानंतर ती एकदाही लघवीला उठली नव्हती.

आबा ब्रदरकडे गेले.

"आत्ताच बघितलंय आबा. एकशे दहा-सत्तर."

"कवा बघितलं?"

ब्रदर काही बोलला नाही.

"म्या रागवत न्हाई बाळा. पर हात लावून बघ."

तो उठला. पट्टा बांधला, कानात स्टेथोस्कोप घातला, एकदा मोजलं. त्याला खरं वाटेना, म्हणून परत मोजलं. ९६/८०. दोघांत सोळाचं अंतर. मग तो चालत गेला नाही, पळत गेला.

पुढचा अर्धा तास आबांना नीट आठवत नाही. बाई आल्या, नखं दाबून बघितली, रक्त काढलं. पीसीव्ही सेहेचाळीस. सकाळी तो अडतीस होता. सोनोग्राफीच्या यंत्रावर छातीच्या तळाशी पाणी दिसलं, पित्ताशयाची भिंत सुजलेली दिसली. प्लेटलेट एकसष्ट हजार, म्हणजे वॉर्डाच्या हिशोबाने अजूनही बरी परिस्थिती. बाईंनी १०८ ला फोन करून गाडी दारात उभी ठेवायला सांगितली, पण आधी सलाईन. "दीड तासाचा रस्ता आहे. कोरड्या पोरीला गाडीत घालणार नाही मी." छत्तीस किलोच्या पोरीला पहिल्या तासात ३६० मिली. बाई स्वतः खाटेशी उभ्या राहिल्या आणि दर पंधरा मिनिटांनी ब्रदर बीपी घेत राहिला. १००/७८. १०२/७४. सव्वासहाला हात कोमट झाले. सातला पोरीने लघवी केली आणि डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते आबांनी त्यांच्या तोंडावर त्याआधी पाहिलं नव्हतं.

गाडी दारातच राहिली. दहाला तिला परत पाठवलं.

आईबाप आठला पोचले. पोरीच्या हाताला सलाईन बघून आईने हंबरडा फोडला. मग जो तो सल्ले द्यायला लागला. "आणखी एक बाटली लावा म्हणावं, सरकारी दवाखान्यात हात आखडता घेतात." बापाने तसं बाईंना सांगितलंही, कारण रात्री अकराला बाईंनी येऊन सलाईनचा वेग निम्म्यावर आणला होता आणि दोनला आणखी कमी केला. पीसीव्ही एक्केचाळीसवर आला होता.

"उतारा पडतोय म्हटल्यावर कमी का करताय मॅडम?"

बाई काही बोलायच्या आधी आबाच म्हणाले, "अरं, पाणी लागतं तेवढंच सोडायचं. आपल्या खालच्या अंगाची रानं बघितलीस का? पाणी हाय म्हणून सोडत गेले, आता चिबड झालीत. कुसळ उगवत न्हाई."

"तसंच," बाई म्हणाल्या. "पाझर थांबला की छातीत-पोटात गेलेलं पाणी दोन दिवसांनी आपोआप रक्तात परत येतं. तेव्हाही आपण वरून ओतत राहिलो तर ते फुप्फुसात जातं. या आजारात काही पेशंट पाण्याअभावी जातात आणि काही आपण घातलेल्या पाण्याने."

तिसऱ्या दिवशी सलाईन निघालं. पोरीच्या पायांवर तांबूस पुरळ उठलं, मध्ये मध्ये पांढरे ठिपके ठेवून. तिला खाज सुटली, भूक लागली आणि तिने आईकडे वडापाव मागितला. शेजारच्या मुलाच्या प्लेटलेट एकवीस, मग चाळीस, मग सत्तर झाल्या. सोलापूरहून आलेल्या पिशव्यांपैकी एक प्रसूतीच्या वॉर्डात रक्तस्राव होत असलेल्या बाईला लागली. अण्णांनी ते कुठे सांगितलं नाही, पण पपईच्या रसाचं सांगितलं.

डिस्चार्जचा कागद व्हायला दुपार झाली. आबा खाटेवर बसून होते. समोरच्या गादीवर एक नवीन बाई आपल्या नऊ-दहा वर्षांच्या पोराचे कपडे पिशवीत कोंबत होती. पोर भिंतीला टेकून गप्प बसलं होतं.

"निघालात व्हय ताई?"

"होय. ताप उतरला रात्री. प्लेटलेट बी एक लाखाच्या वर हायेत. कशाला राहायचं?"

"लघवी कवा झाली त्याला?"

बाईने वर बघितलं. "तुम्ही डॉक्टर हाय का?"

"न्हाई. पाटकरी."

ती क्षणभर थांबली. मग पोराकडे वळून म्हणाली, "कवा गेलतास रं?" पोराने उत्तर दिलं नाही, नुसतं पोटावर हात ठेवला. आबा उठले आणि जाऊन त्याचा तळहात हातात घेऊन बघितला. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला ब्रदर एका पेशंटच्या दंडाला पट्टा बांधत होता. आबांनी तिथूनच हाक मारली, "ब्रदर, हिकडं जरा. यंत्र घेऊन या."

"आलो," तो म्हणाला, "एवढं मोजून होऊ द्या."